पायी चालणाऱ्याचा रस्ता



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे. गेली तीस-पस्तीस वर्षे आम्ही दुसरे काही केलेले नाही, तेव्हा अपेक्षा रास्तच होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि भांडण्यासारखे त्याहून अधिक. परंतु आम्ही उलट टपाली कळविले की, यंदा आम्हाला रस्त्यावर बोलायचे आहे. चालकांना वाटले, मोर्चावर बोलणार. मग आम्ही खुलासा केला की, मोर्चातला नव्हे, रोजचा रस्ता. ज्यावरून माणूस पायी दळणाला जातो, शाळेला जातो, पाळीला जातो तो.

कोणी म्हणेल, पादचाऱ्यांची सुरक्षितता हा पुण्या-मुंबईचा विषय, मुरगूडला त्याचे काय? आम्हाला फाटकावर उभे राहून माणसे मोजण्याची जुनी खोड आहे. संप किती टक्के झाला हे दुसऱ्या कशाने कळत नाही. त्या सवयीने आज व्यासपीठावर येण्यापूर्वी आम्ही दारात उभे राहून मोजले. आपणांपैकी दर दहांत सहा-सात माणसे चालत आलेली आहेत. जी गाडीवर आली त्यांनीही गाडी लांब लावली आणि शेवटचा टप्पा पायीच काटला. तेव्हा ही पादचाऱ्यांचीच सभा आहे. फक्त आपल्याला ते नाव कोणी दिलेले नाही.

आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे शिकलो ते कारखान्यात, आणि कायदा शिकलो तो संघटनेच्या कचेरीतल्या एका दिव्याखाली. या विषयाचे मूळही कारखान्यातच आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

आम्ही नवे नवे कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही. आमच्या शेजारच्या यंत्राच्या पट्ट्याला जाळी नव्हती. एका पाळीत एका पोराची बाही पट्ट्यात गेली आणि हाताची तीन बोटे गेली. चौकशी झाली. अहवालात लिहिले होते, 'कामगाराने सैल सदरा घातला होता व तो अचानक यंत्राजवळ आला.' आम्हाला तेव्हा ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे. आम्हीही म्हणालो, पोरगा धांदरटच. पुढे एका वयस्क कार्यकर्त्याने १९४८ चा फॅक्टरी कायदा हातात दिला आणि त्यातले एकविसावे कलम वाचून घेतले. फिरत्या यंत्राला मजबूत आडोसा घातलाच पाहिजे, आणि तो यंत्र चालू असताना जागेवर असलाच पाहिजे, असे ते कलम सांगत होते. पुढच्याच कलमात अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची गोष्ट होती, पण ती चालू यंत्राला वंगण घालण्यासारखे काम करणाऱ्या शिकलेल्या माणसापुरती. म्हणजे कायदा करणाराला ठाऊक होते की, माणूस दमतो, त्याची नजर चुकते, पोर घरी आजारी असले की त्याचे लक्ष उडते. माणूस चुकणार हे धरूनच यंत्राला जाळी घालायची. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, त्यांतही हाच विचार होता. कामगार दारू प्यालेला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, असल्या सबबी मालकाला सांगता येत. परंतु मृत्यू झाला असेल तर त्या सबबीही चालत नसत. हे कलम मिळवायला कित्येकांची बोटे आणि कित्येकांचे प्राण गेले आहेत. आता हे कायदे नव्या संहितांत गेले, पण तो विचार बदललेला नाही.

आता दुसरा कागद. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक सभासद रात्रपाळी सुटल्यावर पायी घरी निघाला होता. रस्त्याला कडा नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यावर खडीचा ढीग आणि दोन उभे ट्रक होते. म्हणून तो डांबरावरून चालला. मागून गाडी आली. आम्ही कागदपत्रांसाठी गेलो तेव्हा पंचनाम्यात वाक्य होते, 'सदर इसम अचानक आडवा आल्याने.' आम्ही ते वाक्य दोनदा वाचले. चालत होता तो सरळ, आणि कागदावर आला आडवा! सैल सदऱ्याचे ते जुने वाक्य आम्हाला आठवले. कारखान्याच्या भिंतीच्या आत जो प्रश्न सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी निकालात निघाला, तो फाटकाबाहेर पाऊल टाकताच पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. आत यंत्राला जाळी. बाहेर तेच लोखंड, त्याच्या कितीतरी पट वेगाने धावणारे, आणि माणसाला सांगणे एवढेच की, 'बाबा, जपून चाल.'

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते. दिवसाला नव्वद. आपल्या महाराष्ट्रात त्या एका वर्षात सर्व मिळून १५,२२४ गेली. रोज नव्वद माणसे एखाद्या कारखान्यात मेली असती तर तो कारखाना दुसऱ्या दिवशी उघडला असता काय?

आमचे काही मित्र म्हणतात, लोकांना शिस्त नाही. हे खरे आहे. पण शिस्तीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आपण एक साधे गणित करू. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. चालकाला माणूस दिसणे, मनात ठसणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात एक सेकंद सहज जातो. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी आणखी पाचेक मीटरांत थांबते. म्हणजे एकूण तेरा-चौदा मीटर. आता तीच गाडी ५० च्या वेगाने येऊ द्या. पहिल्या सेकंदातच ती चौदा मीटर गेली. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबलेली आहे, तेथे दुसरीचा ब्रेक नुकता लागतो आहे. चालक तोच, डोळे तेच, चूकही तीच. पहिल्या वेळी म्हातारी चार शिव्या देऊन घरी गेली. दुसऱ्या वेळी तिला घरी न्यावे लागले.

आता म्हातारीच्या बाजूने पाहा. दोन गाड्या जातील असा सात मीटरचा रस्ता तिला ओलांडायचा आहे. डोक्यावर गठुळे आहे, गुडघे दुखतात. तिला नऊ सेकंद लागतात. ६० च्या वेगाने येणारी मोटारसायकल नऊ सेकंदांत दीडशे मीटर येते. तेव्हा म्हातारीला दीडशे मीटर मोकळा रस्ता दिसला तरच ती पाऊल टाकू शकते. बाजाराच्या दिवशी आपल्या रस्त्यावर दुतर्फा उभ्या गाड्यांमधून तिला वीस मीटर तरी दिसतात काय? तिने काय करावे, हे शिस्तीच्या पुस्तकात सांगितलेले नाही. ती देवाचे नाव घेते आणि निघते. आणि मग आपण म्हणतो, आडवी आली.

चालणाऱ्याला दोषी ठरविण्याची ही रीत आपल्याकडे जन्मलेली नाही. तिचा इतिहास आम्ही मुद्दाम शोधून वाचला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. मोटारीखाली सापडलेली ती इंग्लंडातली पहिली पादचारी. चालकाच्या सांगण्याप्रमाणे गाडीचा वेग ताशी अवघा चार मैल होता. आपण घंटा वाजविली, ओरडलो, असेही त्याने सांगितले. पंचांनी अपघाती मृत्यू ठरविला. पुढे अमेरिकेत मोटारी वाढल्या, मुले मरू लागली, तेव्हा लोक चिडले. १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली की, शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर धावणारच नाही. पाहा, ही जाळीचीच मागणी होती! मोटार विकणाऱ्यांनी जंगी प्रचार केला आणि मतदानात ती मागणी पाडली. त्याच सुमारास तिकडे एक शिवी रूढ करण्यात आली, 'जेवॉकर'. त्या बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ. शहरात कसे चालावे हे न कळणारा खेडवळ. पूर्वी रस्ता सर्वांचा होता. या एका शब्दाने तो मोटारीचा झाला आणि चालणारा घुसखोर ठरला. आपण खेड्यापाड्यांतली माणसे. ही शिवी कोणाला उद्देशून होती हे वेगळे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टीची किंमत ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरला चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मागून एक मोटार दिंडीत घुसली. सात वारकरी गेले. शतकानुशतके या महाराष्ट्रात पायी चालणे हे पुण्य मानले गेले. वारीच्या वाटा मोटारीच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्याच वाटांवर आपण महामार्ग केले, रुंद केले, गुळगुळीत केले, आणि ज्याच्यासाठी वाट होती त्याला दोन हात रुंदीची कडा आखून द्यायला बहुतेक ठिकाणी विसरलो. त्या दिवशी कोण चुकले याचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण माणसे दरवर्षी, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेने चालत येणार हे पंचांगात छापलेले असते. रस्ता आखणाराला ते 'अचानक' कसे म्हणता येईल?

मुंबईचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्या भागात या पंचक्रोशीतली कितीतरी माणसे गिरणीत राबली. परळचा एल्फिन्स्टन रोड. गिरण्या होत्या तेव्हा भोंग्याबरोबर तेथे पायी माणसांचा लोंढा वाहत असे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला; गिरण्यांचे पुढे काय झाले ते आपण जाणता. त्या जागी टोलेजंग कचेऱ्या आल्या. माणसे पुन्हा हजारोंनी येऊ लागली, कचेऱ्यांना काचा आल्या, वाहनतळ आले. पण स्टेशनातून चालत बाहेर पडण्याचा पूल अरुंद होता तो अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसाची सर आली, माणसे पुलावर आडोशाला थांबली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली, आणि चेंगराचेंगरीत २३ जण मेले. रेल्वेच्या चौकशीत मुख्य कारण निघाले पाऊस! पाऊस मुंबईला नवा होता काय? पुढे लष्कराला बोलावून पाच महिन्यांत तेथे नवा पूल उभा केला. पाच महिन्यांत होणारे काम इतकी वर्षे का झाले नाही, याचे उत्तर आमच्या मते एकच आहे. पायी चालणारा माणूस कोणाच्या हिशेबात नव्हता.

आता कायद्याचे सांगतो, कारण ती आमची उपजीविका आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांच्या वाहतुकीचे आणि रस्त्यांच्या आखणीचे नियम सहा महिन्यांत करायला फर्मावले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आले. रस्ता ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे न बांधल्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, पण प्रथमच बोट चालणाऱ्याकडून बांधणाराकडे वळले. आणि आपल्या घरात असा प्रसंग ओढवलाच तर हे लक्षात ठेवा, त्याच कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मागता येतात. वाहन पळून गेले असेल तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार मिळण्याची वेगळी योजना आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि तेराव्यानंतर आमच्याकडे येतात तेव्हा निम्मे कागद हरवलेले असतात.

पदपथ कसा असावा याचेही देशात माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात ते छापले आहे. चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी रुंदी, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या फुटापेक्षा, जास्त नको. हे वाचल्यावर आम्ही चारजण टेप घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या एका शहराचा मुख्य रस्ता मोजायला निघालो. पहिला पदपथ दीड फूट उंच निघाला. आमच्या बरोबरच्या एका गुडघेदुखीच्या गृहस्थांना त्यावर चढवायला दोघे लागले. पुढे विजेचा डी. पी., त्याच्या पुढे एका दुकानाची पायरी, त्याच्या पुढे चार मोटारसायकली. पाचव्या ठिकाणी एक मोठा लोखंडी फलक सबंध वाट अडवून उभा होता. जवळ जाऊन वाचतो तो काय, आमच्याच संघटनेच्या मेळाव्याचा! तो आम्ही त्याच दिवशी हलविला, आणि वहीत नोंदही केली.

येथे फेरीवाल्यांचा विषय निघतो. पदपथ मोकळा करा म्हटले की पहिला हातोडा भाजीवाल्या बाईच्या पाटीवर पडतो. हे आम्हाला मान्य नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा त्यांना जागा आखून द्यायला सांगतो. बाईची पाटी तीन फूट जागा घेते आणि तिचे गिऱ्हाईक चालतच येते. एक उभी मोटार तिच्या कितीतरी पट जागा घेते, दिवसभर, फुकट. मोटार हलवायला कोणी धजत नाही म्हणून पाटी उचलली जाते. आमच्या मित्रांपैकी काही जणांना हे पटत नाही, ते म्हणतात दोन्ही उचला. त्यांनी भाजी कोठून घ्यायची ते एकदा ठरवावे.

पण आम्हाला सर्वांत अवघड वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. गाडी चालविणाराही आमचाच माणूस आहे. उसाच्या हंगामात निपाणीहून मुधाळ तिट्ट्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आपण पाहतो. मागे दिवा नाही, पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. शाळेची पोरे त्या उसाच्या टोकांपासून वीतभर अंतरावरून चालतात, आणि मोठी झालेली तो ओढण्यासाठी मागे धावतात. आम्हीही धावलो आहोत. एका हंगामात आम्ही अशाच एका चालकाला खडसावले की, शाळेपुढून असा दामटतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "अण्णा, खेपंवर पैसं हाईत. अड्ड्यात बारा-बारा तास नंबर लावून बसायचं, त्ये कोण मोजत न्हाई. मग ती खेप रस्त्यावरच भरून काढाया लागती." आम्ही गप्प झालो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास काम ठरवून दिले होते. आता ती तरतूद नव्या संहितेत गेली. या चालकाला त्यातले काहीच मिळाले नाही. तो ना कारखान्याचा नोकर, ना आमच्या संघटनेचा सभासद, ठेकेदाराचा खेपकरी. गेली पस्तीस वर्षे आम्ही फाटकाच्या आतल्या माणसांची संघटना बांधली आणि फाटकाबाहेर रांगेत उभा असलेला माणूस आम्हाला दिसला नाही, हा दोष आमचा आहे. खेपेवर मजुरी असेल तर गतिरोधक कितीही उंच करा, तो ट्रॉली आपटत नेईल. रस्त्यावरची सुरक्षितता निम्मी डांबरात आहे आणि निम्मी मजुरीच्या पावतीत. पुढील हंगामापूर्वी या चालकांची बैठक घेण्याचे आम्ही ठरविले आहे. तिला आपणही यावे.

हे सारे होण्यासारखे आहे काय? पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, बसायला जागा केल्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळतात. पुण्याचे फार कौतुक करायला नको, तेथे नव्या पदपथावरूनही स्कूटर चालविणारे महाभाग आहेत. पण धोरण कागदावर असले की ते पुढे करून भांडता येते, हा आमचा अनुभव आहे. परदेशात ऑस्लो हे सुमारे सात लाख वस्तीचे शहर. तेथे त्यांनी वेग उतरविला, शहराच्या मध्यातल्या गाड्या लावण्याच्या जागा काढून टाकल्या. २०१९ साली सबंध वर्षात त्या शहरात एकही पादचारी वा सायकलस्वार वाहनाखाली मेला नाही. ऑस्लोचे लोक आपल्याहून अधिक सावध जन्मलेले नाहीत. त्यांनी जाळी घातली. २०२० साली स्टॉकहोमला देशोदेशीचे मंत्री जमले होते, त्यांनीही ठराव केला की, जेथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी.

मुरगूडला ऑस्लो करा असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना सहा फूट सपाट वाट, शाळेपुढे आणि एस. टी. स्टँडपुढे उंचवट्यावर आखलेले पांढरे पट्टे, त्यांवर रात्रीचा दिवा, हंगामात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॉल्यांना अर्धा तास थांबा आणि प्रत्येक ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर. यांतल्या निम्म्या गोष्टींना रंगाचा डबा आणि एक ठराव यांपलीकडे काही लागत नाही. पण नगरपरिषदेपुढे जायचे तर हातात मापे हवीत. कोठे किती रुंदी, कोठे काय आडवे आले आहे, ओलांडायला किती सेकंद लागतात. मापाशिवाय मागणी केली तर साहेब चहा पाजून परत पाठवितात. आम्ही असला चहा पुष्कळ प्यायलो आहोत.

म्हणून उद्या सकाळी सात वाजता आम्ही एस. टी. स्टँडपासून मोजणीला सुरुवात करणार आहोत. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे अशा एक-दोन वडीलधाऱ्यांनी अवश्य यावे, कारण सेकंद त्यांच्या चालीने मोजायचे आहेत. आमच्या चालीने नव्हे. शाळेतल्या मुलांपैकी कोणी आले तर वही त्यांच्या हाती देऊ, त्यांचे अक्षर आमच्यापेक्षा बरे असते. टेप आमच्याकडे आहे.